पोस्ट-टेस्टचे गुण आणि पहिलं मिनिट

जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत मदत मिळायला हवी. त्यासाठी लेबर रूममधल्या सिस्टर, एएनएम, डॉक्टर यांना नवजात पुनरुज्जीवनाचं प्रशिक्षण दिलं जातं. भारतात २००९पासून ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा’तून. प्रशिक्षणाआधी प्री-टेस्ट, नंतर पोस्ट-टेस्ट.

गैरसमज : पोस्ट-टेस्टमध्ये गुण वाढले, म्हणजे कर्मचारी तयार झाले.

वस्तुस्थिती : तेच प्रश्न शिकवणं संपल्या संपल्या पुन्हा विचारले, तर गुण वाढणारच. मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यायचे, हे लिहिता येतं. पण मास्क चेहऱ्यावर नीट बसवून, त्याला जोडलेली हवेची बॅग दाबताना छाती वर येतेय का हे पाहणं हातानेच शिकावं लागतं. टांझानियातल्या हायडोमच्या रुग्णालयात २०१० साली एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. नंतर सरावाच्या बाहुलीवरची कामगिरी सुधारलेली दिसली, प्रत्यक्ष बाळांवरचे उपचार मात्र बदलले नाहीत. मग तिथे प्रसूती विभागातच काही मिनिटांचे सराव वारंवार सुरू झाले आणि पहिल्या २४ तासांतले नवजात मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

गैरसमज : एकदा शिकलेलं विसरत नाही.

वस्तुस्थिती : नागपूर, बेळगाव आणि केनियातल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात प्रशिक्षणानंतर वाढलेलं कौशल्य काळाबरोबर ओसरताना दिसलं. यात कुणाचा आळस नाही. सुमारे शंभरांतल्या पाचच बाळांना बॅग-मास्क लागतो. छोट्या केंद्रात महिनोन्‌महिने तशी वेळच येत नाही. म्हणून चाचणी काही महिन्यांनी पुन्हा, आणि बाहुलीवर घ्यायला हवी.

गैरसमज : प्री-टेस्ट म्हणजे कर्मचाऱ्यांच्या चुका काढणं.

वस्तुस्थिती : काय शिकवायचं ते तीच सांगते. न रडणाऱ्या बाळाला उलटं धरून फटके मारावेत, प्रत्येक बाळाचं तोंड-नाक सक्शनने साफ करावं, ऑक्सिजन नसेल तर थांबावं, असल्या जुन्या समजुती तिथेच उघड होतात. खरं तर आधी बाळाला कोरडं करून पाठ चोळायची; तरीही श्वास नसेल तर बॅग-मास्क लावायचा. दिवस भरलेल्या बाळासाठी सुरुवातीला साधी हवा पुरते. सिलेंडर येईपर्यंत थांबू नये.