व्हिडिओने शिकवलं, की शिक्षकाने?

"प्राथमिक शाळेत व्हिडिओच्या वापराची परिणामकारकता" असा विषय तुमच्या डोक्यात असेल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी जरा थांबा. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

माझा पायलट साधा होता. चौथीच्या दोन तुकड्या, घटक जलचक्र. एका तुकडीला नेहमीसारखं शिकवलं. दुसरीला व्हिडिओ दाखवला, तो मध्येमध्ये थांबवून प्रश्न विचारले, मुलांकडून आकृतीही काढून घेतली. उत्तरचाचणीत व्हिडिओची तुकडी पुढे! मी खूश. गाईडनी एवढंच विचारलं, "हेच प्रश्न आणि हीच आकृती व्हिडिओशिवाय दिली असती तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

चूक कुठे झाली? मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: माध्यम आणि शिकवण्याची पद्धत. मग फरक कशामुळे पडला हे कळणार कसं? रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. किराणा आणणाऱ्या गाडीमुळे पोषण होत नाही, तसंच माध्यमामुळे शिकणं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. रॉबर्ट कोझमा यांना हे पटलं नाही. प्रत्येक माध्यमाची स्वतःची काही क्षमता असते, असं ते म्हणतात. बाष्पीभवनासारखी हळू होणारी क्रिया व्हिडिओत काही सेकंदांत दिसते, हे फळ्यावर कसं जमणार? दोघांनाही वाचा.

दुसरा सापळा नवलाईचा. वर्गात पहिल्यांदा पडदा लागला की मुलं टक लावून बघणारच. पण नव्याचे नऊ दिवस! म्हणून एका तासावर निष्कर्ष काढू नका. काही आठवडे प्रयोग चालवा आणि नंतर धारणा चाचणीही घ्या.

मग प्रश्न कसा विचारायचा? व्हिडिओची तुलना व्हिडिओशीच करा: सलग दाखवलेला विरुद्ध तुकड्यातुकड्यांनी दाखवलेला. मेयर आणि चँडलर यांनी २००१ मध्ये वीज कशी पडते याचं छोटं ॲनिमेशन १६ भागांत दिलं. पुढचा भाग कधी बघायचा हे शिकणाऱ्याच्या हातात होतं, आणि त्यांना ते ज्ञान नव्या प्रश्नांत जास्त चांगलं वापरता आलं. पण ते कॉलेजचे विद्यार्थी होते. तिसरी-चौथीतल्या मुलांचं काय? बघा, इथेच तुम्हाला संशोधनाची फट सापडते.

आणि एक विसरू नका. जी पद्धत सरस ठरेल, तिचा तास दुसऱ्या तुकडीलाही द्या. आपल्यासाठी तो नियंत्रित गट असतो. त्या मुलांसाठी ते चौथीचं वर्ष असतं.