रात्रपाळीच्या गुराख्याची तैलचित्रं

१८८६-८७चा हिवाळा अमेरिकेतल्या मोंटानात गुरांचा काळ होऊन आला. कुरणं बर्फाखाली गेली, जनावरं हजारोंनी मेली. दूर शहरात असलेल्या मालकाने पत्र पाठवून कळपाची खुशाली विचारली. उत्तर काय लिहावं, हे राखणीवरच्या माणसांना सुचेना. तेव्हा त्यांच्यातल्या बावीस वर्षांच्या एका गुराख्याने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात चित्र काढलं. बर्फात पाय रोवून उभं असलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं एकटं जनावर. आणि ते कधी कोसळतंय याची वाट पाहणारे लांडगे. पुढे हे चित्र ‘वेटिंग फॉर अ चिनूक’ या नावाने गाजलं. चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा, बर्फ वितळवणारा उबदार वारा. तो गुराखी म्हणजे चार्ल्स मॅरियन रसेल.

१८६४मध्ये सेंट लुइसच्या सुखवस्तू घरात जन्मलेल्या चार्लीचं शाळेत कधी मन रमलं नाही. सोळाव्या वर्षी, १८८०मध्ये तो मोंटानात आला. आधी जेक हूवर या शिकाऱ्याच्या झोपडीत राहून त्याने रानातल्या प्राण्यांची ओळख करून घेतली. नंतर दहा-अकरा वर्षं गुरंघोडी राखली, तीही बहुतेक रात्रपाळीने. त्यामुळे दिवस मोकळा मिळे आणि तो चित्रांत जाई. डाग देताना धडपडणारं वासरू, उधळलेला घोडा, दोरी ताणली जाताच स्वाराचं मागे झुकणारं अंग, हे सगळं त्याच्या हातात याच वर्षांत मुरलं. १८८८मध्ये तो कॅनडात कायनाई आदिवासींच्या सहवासातही काही महिने राहिला.

डोळा आणि रेषा अशा तयार झाल्या. तैलरंग मात्र त्याला बराच काळ वश झाले नाहीत. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. त्यामुळे चित्रकाराला दुरुस्तीला सवड मिळते, पण ओल्या रंगावर हात फिरतच राहिला तर रंग मळतो. रसेलच्या सुरुवातीच्या तैलचित्रांत घोडा अचूक असतो, आकाश आणि जमीन मात्र मातकट. १९०३-०४च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला, तिथल्या व्यावसायिक चित्रकारांच्या खोल्यांत बसला, त्यांचं काम पाहिलं. त्यानंतर त्याच्या चित्रांत प्रकाश आला. मावळतीचा गुलाबी आणि डोंगरांच्या सावल्यांतला जांभळा ही त्याची ओळख ठरली. खिशात मेणाचा गोळा तर कायम असे. गप्पा मारता मारता तो त्यातून प्राणी घडवी. चित्रातला घोडा आधी मेणात करून त्यावर उजेड कुठून पडतो, हेही तो तपासून पाही.

१८९३मध्ये त्याने गुरं राखणं सोडलं. १८९६मध्ये नॅन्सी कूपरशी लग्न केलं. चित्राची किंमत सांगायला तो संकोचे, नॅन्सी संकोचत नसे. सौदे, पत्रव्यवहार, प्रदर्शनं तिने हाती घेतली आणि १९११मध्ये न्यूयॉर्क, १९१४मध्ये लंडन त्याच्या चित्रांपर्यंत आणलं.

त्याचं सर्वांत मोठं काम हेलेना शहरातल्या मोंटानाच्या विधानभवनात आहे. १९१२मध्ये पूर्ण केलेलं हे चित्र सुमारे पंचवीस फूट रुंद आणि बारा फूट उंच आहे. विषय आहे १८०५मधली लुइस आणि क्लार्क या गोऱ्या शोधकांची सेलिश आदिवासींशी भेट. सरकारी भिंतीवरच्या अशा चित्रात शोधक मधोमध असावेत, अशीच कुणाचीही अपेक्षा. रसेलने त्यांना एका कडेला ठेवलं. समोरचं सारं गवताळ रान सेलिश स्वारांनी आणि त्यांच्या घोड्यांनी भरलेलं आहे. ही जमीन आधी कोणाची होती, हे त्याने विधानसभेच्या भिंतीवर लिहून ठेवलं.

२४ ऑक्टोबर १९२६ रोजी मोंटानातल्याच ग्रेट फॉल्समध्ये रसेल वारला. मोटारींच्या त्या काळातही त्याची अंत्ययात्रा घोडागाडीतून निघाली.

‘स्वयंशिक्षित’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. जणू असा माणूस कुणाकडून काही शिकलाच नाही. रसेलने शिकारी, आदिवासी, गुरं, मेण आणि शहरी चित्रकार या सगळ्यांकडून शिकून घेतलं. गुरू निवडायचं काम तेवढं त्याने स्वतःकडे ठेवलं. घरी एकट्याने ब्रश धरणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यापासून हेच घ्यावं.