नाण्याला आठवण नसते



मुलुंड किंवा घाटकोपर स्टेशनातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याने चालत गेलात, तर वाटेत एखादे तरी सोनोग्राफी केंद्र लागतेच. त्याच्या दारात एक पाटी असते. येथे गर्भ मुलाचा आहे की मुलीचा हे सांगितले जात नाही, तसे करणे कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. तुम्ही ती शंभरदा पाहिली असेल. आमच्या कॉलेजातली अकरावीची एक विद्यार्थिनी मात्र ती वाचून विचारात पडली आणि प्रॅक्टिकल संपल्यावर माझ्याकडे आली. तिचे प्रश्न दोन होते. पहिला, ‘सर, जे निसर्गाने आधीच ठरवून टाकले आहे, ते नुसते सांगण्यात गुन्हा कसला?’ आणि जरा घुटमळून दुसरा, ‘आमच्या शेजारच्या काकूंना तिसरी मुलगी झाली. घरातले सगळे त्यांना बोलतात. यात काकूंची काही चूक असते का हो?’

मी पदार्थविज्ञान शिकवतो. ‘जीवशास्त्राच्या मॅडमना विचार’ असे म्हणून मला सुटता आले असते. पण या प्रश्नांचा निम्मा भाग जीवशास्त्राचा असला तरी उरलेला निम्मा संभाव्यतेच्या गणिताचा आहे, आणि वायूच्या रेणूंचा विचार करताना हे गणित आम्हाला पदोपदी लागते. तेव्हा उत्तर देणे भागच होते.

आधी पेशीकडे वळू. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. (हा आकडा १९५६ साली स्वीडनमध्ये त्यो आणि लेव्हान या दोघांनी नक्की केला. तोपर्यंत जगभरची पाठ्यपुस्तके ४८ सांगत होती! छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, असे मुलांना सांगताना मी हे उदाहरण नेहमी देतो.) यातील २२ जोड्या स्त्री आणि पुरुष दोघांतही सारख्या असतात. तेविसावी जोडी मात्र वेगळी. स्त्रीमध्ये ती एक्स-एक्स अशी असते, तर पुरुषात एक्स-वाय. एक्स हे बरेच मोठे गुणसूत्र आहे आणि वाय त्याच्या निम्म्याहूनही लहान.

एक्स हे नाव कसे पडले, याची हकीकत गमतीची आहे. १८९१ साली हेंकिंग नावाचा जर्मन शास्त्रज्ञ आपल्या कपाशीवरच्या तांबड्या ढेकण्यासारख्या एका किड्याच्या शुक्रपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. निम्म्या शुक्रपेशींत त्याला एक जादा, एकलकोंडी वस्तू दिसली. ती काय असावी हे त्याला उलगडेना. बीजगणितात अज्ञात संख्येला आपण जे अक्षर देतो, तेच त्याने तिला दिले.

त्या अज्ञाताचा उलगडा १९०५ साली झाला. अमेरिकेतील ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाई पिठात होणाऱ्या भुंगेऱ्याच्या पेशी तपासत होत्या. या बाई आधी शाळेत शिकवीत, आणि विद्यापीठात दाखल झाल्या तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. मादी भुंगेऱ्याच्या पेशीत त्यांना २० मोठी गुणसूत्रे दिसली. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी लहान. सगळ्या अंडपेशींत १० मोठी. पण शुक्रपेशींत मात्र निम्म्यांत १० मोठी, तर निम्म्यांत ९ मोठी आणि ते एक लहान. एवढ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की अपत्य नर होणार की मादी हे त्या लहान गुणसूत्रावर ठरते. त्याच वर्षी एडमंड विल्सन हाही दुसऱ्या कीटकांच्या अभ्यासातून साधारण येथेच पोचला होता.

माणसातही हाच प्रकार आहे. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र नव्या पेशीत जाते. आईकडे दोन्ही एक्सच असल्यामुळे तिची प्रत्येक अंडपेशी एक्सच घेऊन येते. वडिलांच्या बाजूला मात्र एका मूळ पेशीपासून चार शुक्रपेशी होतात; त्यांतल्या दोघींत एक्स, दोघींत वाय. एक्सवाली शुक्रपेशी अंडपेशीला मिळाली तर मुलगी, वायवाली मिळाली तर मुलगा. फलनाच्या त्या क्षणी ही निवड होऊन जाते. त्यानंतर आईने काय खाल्ले, कोणते व्रत केले, कोणाचे औषध घेतले, याने एक्सचा वाय होत नाही.

निवड झाली तरी तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात. सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत मुलाचा आणि मुलीचा गर्भ घडणीने सारखाच असतो. मग वायवरचे एक जनुक जागे होते आणि गर्भाला पुरुषाच्या वाटेवर नेते. हे जनुक लंडनमधील शास्त्रज्ञांनी १९९० साली शोधले. पुढच्याच वर्षी त्यांनी ते एक्स-एक्स असलेल्या उंदराच्या भ्रूणात घातले, तर मादीऐवजी नर जन्मला! क्वचित माणसातही हे जनुक जागा बदलते, किंवा एखादे एक्स कमीजास्त होते, आणि मग शरीराची घडण ठरावीक दोन साच्यांत बसत नाही. अशी माणसे आपल्यात आहेत, आणि त्यातही कोणाचा दोष नसतो.

तुम्ही विचाराल, सर्व प्राण्यांत असेच असते का? मुळीच नाही. कोंबडीमध्ये हा हिशेब उलटा आहे. तेथे दोन प्रकार अंडपेशींत असतात, म्हणजे आईकडे. आणि कासवांची तर वेगळीच तऱ्हा. आपल्या अंधेरीजवळ वर्सोव्याचा किनारा आहे ना, तो लोकांनी दोन वर्षांहून अधिक काळ राबून साफ केला आणि मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची सुमारे ऐंशी पिल्ले वाळूतून वर येऊन समुद्राकडे निघाली. त्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती, हे एक्स-वायने ठरवले नव्हते. वाळूच्या तापमानाने ठरवले होते. तापमान साधारण ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले की माद्या जास्त, खाली राहिले की नर जास्त.

आता काकूंकडे येऊ. मुलगा होणे वाय गुणसूत्रावर अवलंबून आहे आणि ते आईकडे नसतेच, तेव्हा त्यांची चूक असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण येथे एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ ठिकाणी, अगदी वर्गातही, याचा अर्थ ‘मुलगा की मुलगी हे बाप ठरवतो’ असा सांगितला जातो. मला हे वाक्य आवडत नाही. यात दोषाचे गाठोडे एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले एवढेच. वडिलांच्या कोट्यवधी शुक्रपेशींत दोन्ही प्रकार जवळजवळ समसमान असतात, आणि त्यांतली कोणती पोचेल हे त्यांच्याही हातात नसते. ठरवत कोणीच नाही. नाणे उडते, एवढेच म्हणता येते.

‘पण तिन्ही वेळा मुलगीच?’ विद्यार्थिनी म्हणाली. मग मी दुसऱ्या दिवशी वर्गातल्या ६४ मुलामुलींना प्रत्येकी एक नाणे चार वेळा उडवायला सांगितले. चारही वेळा छापा पडण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे ६४ जणांत असे साधारण चार जण निघावेत. निघाले पाच. त्या पाच जणांना मी उभे केले आणि विचारले, ‘तुमचे काय चुकले?’ वर्ग हसला. मग विचारले, ‘आता पाचव्या वेळी काय पडेल?’ निम्मा वर्ग म्हणाला, ‘काटा! चार छापे झाले, आता काट्याची पाळी.’ पाचही जणांनी नाणे उडवले. तिघांना छापा, दोघांना काटा. नाण्याला मागची आठवण नसते. तीन मुलींनंतर चौथे अपत्य मुलगा होण्याची शक्यता पहिल्या खेपेला होती तेवढीच, सुमारे निम्मी.

‘सुमारे’ म्हटले, कारण हे नाणे किंचित कलते आहे. नैसर्गिकपणे १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. लंडनच्या जॉन अर्बथनॉट या डॉक्टराने १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या, तर दरवर्षी मुलगेच थोडे जास्त निघाले. यात ईश्वराची योजना आहे, असे त्याने ठरवून टाकले. ते सोडा, पण आकडेमोड त्याची चोख होती. आपल्या हिशेबाने १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असायला हव्यात.

आता शिरगणतीचे आकडे पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या वयात १००० मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४.

‘नाणे कधी इकडे, कधी तिकडे पडणारच’ असे कोणी म्हणेल. येथेच आमचे गणित कामाला येते. चार नाण्यांत चारही छापे सहज पडतात. परंतु नाण्यांची संख्या वाढली की योगायोगाला जागा उरत नाही. दहा लाख नाणी उडवली तर छापे पाच लाखांपेक्षा शेकड्यांनी, फार तर हजार-दीड हजारांनी इकडेतिकडे होतील. २०११ साली महाराष्ट्रात या वयाची मुले सव्वा कोटीहून अधिक होती. एवढ्या संख्येत योगायोगाने पडणारा फरक काही हजारांचा. प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा कमी भरलेल्या मुली मात्र चार लाखांच्या घरात आहेत. (तुम्हीच वहीवर करून पाहा.) जन्मानंतर दुर्लक्षाने दगावलेल्या मुलीही त्यांत आहेत, पण घट एवढ्या झपाट्याने झाली ती जन्माआधीच्या निवडीमुळे. नाणे पडले होते नेहमीसारखेच. कोणी तरी ते उचलून पाहिले, आणि छापा दिसला की खिशात घातले.

ही गोष्ट आपल्या मुंबईत चांगली परिचयाची आहे. गर्भाभोवतीच्या पाण्यातील पेशी तपासण्याची परीक्षा आनुवंशिक रोग ओळखण्यासाठी निघाली, आणि थोड्याच वर्षांत तिचा उपयोग भलत्याच कामासाठी होऊ लागला. त्याच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत लागत. १९८६ साली मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, त्यांपैकी ४२ जण ही परीक्षा लिंगनिदानासाठी करीत होते. स्त्री-संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी विरोध केला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला. १९९४ साली देशभरासाठी कायदा झाला. तो कागदावरच राहतो असे दिसल्यावर २००० साली सांताक्रूझची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायदा आणखी कडक झाला आणि गर्भधारणेपूर्वीची निवडही त्यात आली.

मधल्या काळात सोनोग्राफी आली होती. सेकंदाला वीस लाखांहून अधिक कंपने असलेला, कानाला न ऐकू येणारा ध्वनी पोटात सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनींतून चित्र उमटवायचे. तत्त्व आमच्या विषयातले, वर्गात मोठ्या अभिमानाने शिकवावे असे. बाळाची वाढ, हृदयाचे ठोके, व्यंग असल्यास ते, सारे त्यात कळते आणि कितीतरी माता-बालकांचे प्राण वाचतात. त्याच यंत्राच्या दारात ही पाटी लावावी लागते, हे मला शिकवताना दर वर्षी बोचते. विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे. सांगण्यात गुन्हा आहे, कारण त्या चार लाखांच्या तुटीची सुरुवात बहुतेक वेळा कोणी तरी सांगण्यापासून झाली आहे.

वर्गातल्या नाणेफेकीचा तक्ता तिने उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात मी चौकशी केली. म्हणाली, ‘सर, काकूंच्या सासूबाई अजून बोलतातच. पण आजोबांनी नाणे मागून घेतले आणि गॅलरीत बसून वीस वेळा उडवले. काकूंनी तो कागद कपाटात ठेवलाय.’