‘रेस्टोरेशन’ : एका युद्धनौकेचे अल्पायुष्य

हुबळी-धारवाडकडून पश्चिमेस सह्याद्री उतरला, म्हणजे कारवारचा किनारा लागतो. तेथून उत्तरेस गोवा मागे टाकले की वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. गिर्ये गावावरून इंग्रज त्यास ‘घेरिया’ म्हणत. ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजाचा अंत याच बंदरात झाला.

आंग्र्यांच्या आरमारावर गस्त घालण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी वीस तोफा व दोनशे माणसे देऊन हे शिडाचे जहाज सज्ज केले होते. तथापि 1749 च्या सुमारास तुळाजी आंग्रे यांनी तेच पकडले. आंग्र्यांच्या युद्धपद्धतीत त्याचे कारण सापडते. त्यांच्या गुराबांचा तळ उथळ असे आणि नाळेवरील तोफा थेट समोर मारा करीत. वारा पडला म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस आणीत. केवळ वाऱ्यावर विसंबणारे जड जहाज अशा वेळी वळूही शकत नसे. हस्तगत केलेले ‘रेस्टोरेशन’ तुळाजींनी आपल्या ताफ्यात दाखल केले.

परंतु तुळाजी पेशव्यांची सत्ता जुमानीनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मार्च 1755 मध्ये इंग्रजांशी करार केला, व त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. पुढे फेब्रुवारी 1756 मध्ये समुद्राकडून अॅडमिरल वॉटसनचे आरमार व क्लाइव्हचे सैन्य, तर जमिनीकडून पेशव्यांची फौज विजयदुर्गावर आली.

12 फेब्रुवारीस तोफांचा भडिमार सुरू झाला. आंग्र्यांची जहाजे तटाच्या आश्रयास एकमेकांना बांधून ठेवलेली होती. इंग्रजांचा एक गरनाळी गोळा नेमका ‘रेस्टोरेशन’वर पडला आणि ते पेटले. बांधलेल्या दोरांनी आग एका जहाजावरून दुसऱ्यावर नेली, आणि पाहता पाहता सारे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला.

अशा रीतीने इंग्रजांचे जहाज इंग्रजांच्याच गोळ्याने नष्ट झाले. मात्र त्यासोबत जळाले ते मराठ्यांचे सागरी बळ. ऑक्टोबर 1756 च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला, पुढे तेथे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार नावारूपासही आणले. परंतु कान्होजींनी उभारलेला दरारा परत आला नाही. वॉटसन व क्लाइव्ह मात्र त्याच वर्षी बंगालकडे वळले, आणि जून 1757 मध्ये प्लासीची लढाई झाली. घरच्या भांडणात परक्याचे आरमार बोलावल्याची ही किंमत होती.