गावाचं घर उंबऱ्याबाहेर

साथ आणि समाज : भाग ६

गेल्या आठवड्यात महानगरांतल्या टाळेबंदीबद्दल लिहिलं. आज खेड्यांकडे वळू.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. महाराष्ट्रात आदल्याच दिवशी संचारबंदी लागली होती, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या होत्या. साथ रोखायला काहीतरी करणं भाग होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ‘घरातच राहा’ म्हणताना डोळ्यांपुढे जे घर होतं, त्यात नळाला पाणी होतं, डब्यांत किराणा होता आणि एक तारखेला पगार होता. खेड्यात पाणी विहिरीवर, सरपण रानात आणि मिळकत दुसऱ्याच्या शेतात, नाहीतर बाजारात. शेतीच्या कामांना सूट होती हे खरं. अडकलं ते बांधापलीकडचं सगळं.

आठवडी बाजार बंद झाला, याचा अर्थ नीट पाहायला हवा. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद पडून दुधाची मागणी घसरली, तेव्हा राज्य सरकारनं रोज १० लाख लिटर जादा दूध २५ रुपये लिटरनं घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. दुधाची निदान मोजदाद तरी झाली. मेथीच्या चार जुड्या, डझनभर गावरान अंडी, पाटीभर वांगी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचं काय? तेवढाच तिचा हातचा पैसा. त्यातून मिठामिरचीचं भागतं, पोराची वही येते, नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. त्याच दिवशी ती दवाखान्यात जाऊन येते, माहेरचं कुणी भेटलं तर चार शब्द बोलून मन हलकं करते. रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य मिळालं आणि त्यानं फार मोठा आधार दिला. तिचा बाजाराचा दिवस मात्र कुठल्याच मदतीच्या यादीत नव्हता.

ज्यांचं घरच दुसऱ्या जिल्ह्यात राहिलं होतं, त्यांचे हाल वेगळेच. बीड, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात, पाचट-ताडपत्रीच्या कोपीत राहायचं. गावाकडे म्हातारे आईबाप आणि शाळेतली पोरं. मार्चअखेर हंगाम संपत आला आणि रस्ते बंद झाले. लाखाहून अधिक माणसं, सोबत बैलं, आणि पाडव्याला घरी पोचायची आस. तोड थांबली की मजुरी थांबते, आणि बैलांच्या तोंडी घालायला वाढंही उरत नाही. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं वैद्यकीय तपासणी करून त्यांना सोडायचा निर्णय घेतला. तोवर कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. परतलेल्यांना कुठे झेडपीच्या शाळेत, कुठे शेतातल्या झाडाखाली चौदा दिवस काढावे लागले. आपल्याच भावकीनं लांबून बोलावं, ही सल मजुरी बुडाल्यापेक्षा खोल गेली असं मला वाटतं. गावकऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर असेलच याची खात्री कुणाला होती? त्या दिवसांत दारोदार फिरून नोंदी घेणाऱ्या आशाताई मानधनावर काम करत होत्या, आणि लोकांचा राग आधी त्यांच्याच वाट्याला येत होता.

रोजगार हमीनं मोठा भार उचलला. २०२०-२१ मध्ये देशभरात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम निघालं. आदल्या वर्षी ते २६५ कोटींच्या आसपास होतं. महाराष्ट्रात तेव्हा रोजाचा दर २३८ रुपये होता. शहरातून आलेले तरुणही मातीकामावर दिसले.

मनाच्या आरोग्याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली, पण ती बहुतेक हेल्पलाइनच्या भाषेत. खेड्यात दुःख हलकं होतं ते माणसं जमल्यानं. मातीला सगळी पंचक्रोशी येते, दहाव्यापर्यंत ओसरी भरलेली असते, सुतकाच्या घरी शेजारून भाकरी येते. नियम वीस माणसांचा झाला. ज्या लेकी जिल्ह्याच्या हद्दीवर अडकल्या, त्यांना आईचं तोंडही पाहता आलं नाही. त्या वर्षी आषाढीची पायी वारीही झाली नाही; पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पेरणी उरकून पंधरावीस दिवस प्रपंच मागे टाकण्याची, दिंडीत ओळखीच्यांना भेटण्याची कित्येकांची वर्षातली ती एकच वेळ असते. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात आलं नाही.

शाळांबद्दल पुढच्या भागात. ग्रामीण भागात पाचवीपासून बारावीपर्यंतचे वर्ग सरसकट भरायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला. तो विषय एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही.