काळ्या मातीत गाडी फसली तर विंचला दोर कोणता? वायर रोप की सिंथेटिक?

आदिलाबाद : पावसाळा लागला की सीमेच्या दोन्ही बाजूंना चित्र एकच असतं. इकडे जैनथ, बेला, तलमडुगू. तिकडे केळापूर, झरी-जामणी, किनवट. राज्य वेगळं, पण काळी माती तीच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दोन पाऊस झाले की ती फुगते, चाकाला लोण्यासारखी चिकटते. पांदण रस्त्यावर गाडी एकदा फसली की ती निघते ट्रॅक्टरने, नाहीतर विंचने.

जीप, थार, बोलेरो कॅम्परसारख्या गाड्यांना पुढे विंच बसवून घेणारे आता या भागातही दिसू लागलेत. विंच म्हणजे बॅटरीवर चालणारा, दोर गुंडाळणारा ड्रम. दोराचं टोक झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला बांधायचं आणि बटण दाबायचं. विंच घेताना दुकानदार विचारतो, दोर कोणता टाकू? बहुतेक जण किंमत बघून उत्तर देतात. खरं तर तुटल्यावर काय होईल, हे बघून उत्तर द्यायला हवं.

दोन दोर, दोन स्वभाव

पोलादी तारांचा पीळ दिलेला वायर रोप कोळसा खाणीच्या पट्ट्यातल्या लोकांना नवा नाही. १८३४ साली जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तो पहिल्यांदा वापरात आणला. सिंथेटिक दोर त्या मानाने अलीकडचा. तो एका खास, अतिशय मजबूत पॉलिथिलीन धाग्याचा असतो. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीने विकसित केलेला ‘डायनिमा’ हा त्यातला सर्वांत परिचित धागा.

साधारण २८ मीटरचा, ९ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा वायर रोप १० किलोच्या वर भरतो. तेवढ्याच लांबीचा १० मिलिमीटर सिंथेटिक दोर दोन-तीन किलोचा. चांगल्या प्रतीचा सिंथेटिक दोर त्याच जाडीच्या वायर रोपपेक्षा जास्त ओढ सहन करतो आणि पाण्यावर तरंगतो. नाल्यात गाडी अडकली तर ही गोष्ट कामाची.

तुटला तर?

गाडी फसली की गाव जमतं. पोरं पुढे, मोठी माणसं मागे, सल्ले चारही बाजूंनी. खरा धोका इथेच आहे.

ओढ लागली की वायर रोप किंचित ताणला जातो आणि त्या ताणात शक्ती साठते. तो तुटला की ती सगळी शक्ती जड तारेला आणि हुकला मिळते. तार चाबकासारखी उलटते, हात-पाय तोडू शकते, जीवही घेऊ शकते. सिंथेटिक दोर हलका असल्याने तुटल्यावर बहुतेक वेळा जमिनीवर पडतो. म्हणून तो जास्त सुरक्षित मानतात.

पण ‘सिंथेटिक आहे, काही होत नाही’ हा समज चुकीचा. दोर शाबूत राहून समोरच्या गाडीचा कमकुवत हुक उखडला, तर तो लोखंडाचा तुकडा गोळीसारखा येतो. दोर कोणताही असो, त्यावर मध्यभागी ओलं गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकावी. दोर जेवढा बाहेर काढला आहे, त्यापेक्षा जास्त लांब माणसं उभी करावीत. ताणलेला दोर कुणीही ओलांडू नये.

काळी माती किती जोर मागते?

लष्करी रिकव्हरीचा एक जुना हिशोब इथे उपयोगी पडतो. चाकापर्यंत फसलेली गाडी काढायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत फसली तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट.

समजा, कापूस भरलेल्या पिकअपचं वजन अडीच टन आहे. चाकापर्यंत फसली तर अडीच टन ओढ पुरते. मडगार्डपर्यंत गेली की पाच टन लागतात. बाजारात सर्रास मिळणारा ९,५०० पौंडांचा विंच जास्तीत जास्त ४.३ टन ओढतो, तोही ड्रमवर दोराचा शेवटचा एकच थर उरलेला असताना. ड्रमवर थर जितके जास्त, ओढ तितकी कमी.

अशा वेळी कप्पी लावायची. दोर समोरच्या झाडावरच्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीला अडकवला की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग अर्धा होतो. मात्र झाडावर आणि त्याच्या पट्ट्यावर जोरही जवळपास दुप्पट येतो, म्हणून झाड जिवंत आणि मजबूत हवं. आधी फावड्याने चाकापुढची माती काढली तर निम्मं काम तिथेच होतं.

सिंथेटिक दोराचे शत्रू

पहिला शत्रू चिखल. मातीचे बारीक कण धाग्यांत शिरतात आणि प्रत्येक ओढीला आतून घासतात. काम झालं की दोर पूर्ण उलगडून साध्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा. दुसरा शत्रू ऊन. आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. त्या उष्णतेने दोर बिघडत नाही, पण वर्षभर उघड्यावर राहिला तर उन्हातल्या अतिनील किरणांनी धागा हळूहळू कमजोर होतो. विंचवर कव्हर हवंच.

तिसरा शत्रू गरम ड्रम. अनेक विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. घाटात गाडी दोरावर खाली सोडताना तो तापतो. हा धागा १५० अंशांच्या आसपास वितळतो, पण ७०-८० अंशांनंतरच त्याची ताकद उतरू लागते. चौथा शत्रू धार. वायर रोपने खरवडलेल्या जुन्या रोलरमधून सिंथेटिक दोर नेला तर तो कापला जातो. दोर बदलताना पुढची चौकटही बदलून गुळगुळीत ॲल्युमिनियमची लावावी.

आणखी एक गोष्ट. दोराला साधी गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. तुटलेला सिंथेटिक दोर गाठीने नव्हे, विणून जोडतात. पद्धत शिकली तर हे काम शेतात उभ्या-उभ्याही होतं.

वायर रोप कुणाला चालेल?

ज्यांची गाडी वर्षभर उघड्यावर असते, दोर धुवायला वेळ नाही, काम खडकाळ आणि मुरमाड जागेत, त्यांना वायर रोप परवडतो. तो स्वस्त आहे आणि घासणं जास्त सहन करतो. मात्र तार एकदा मुडपली की तिथे ती कायमची कमजोर होते, सरळ केली तरी. तुटलेल्या बारीक तारांचे काटे हातात घुसतात, म्हणून कातडी हातमोजे लागतातच. गंज चढला, काटे निघाले की रोप बदलायचा.

दोन्ही दोरांना काही नियम सारखेच. झाडाला दोर थेट गुंडाळू नये, रुंद पट्टा वापरावा. नाहीतर साल कापली जाते आणि दोरही खराब होतो. ड्रमवर वायर रोपचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ ते दहा वेढे शिल्लक ठेवावेत. ओढताना इंजिन चालू हवं, कारण पूर्ण ताणाला विंच शेकडो अँपिअर करंट खातो.

पाटी टीजी असो की एमएच

विंचसाठी पुढचा बंपर बदलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवलं होतं. कायदा केंद्राचा असल्याने तो टीजी ०१ ला जसा लागू, तसाच एमएच २६, २९ आणि ३४ लाही. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारलेलं बरं. एअरबॅग असलेल्या गाडीत जड बंपरमुळे सेन्सरच्या कामात अडथळा येऊ शकतो, तेही तपासावं.

मग घ्यावा कोणता?

उटनूर, नारनूर, गादिगुडाकडच्या गुड्यांवर जाणारी, पेशंट किंवा माणसं नेणारी, लोकांच्या गर्दीतच फसणारी गाडी असेल तर सिंथेटिक घ्यावा. थोडा महाग पडतो, पण शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या जिवापेक्षा महाग नाही. तो धुणं, झाकणं जमणार नसेल तर चांगला वायर रोप घ्यावा आणि माणसं आणखी लांब ठेवावीत. कारण दुर्लक्ष झालेला सिंथेटिक दोर वरून धडधाकट दिसतो आणि ऐन ओढीत दगा देतो. मृगाच्या आधी एकदा दोर पूर्ण उलगडून हाताखालून घालावा. कुठे चपटा, कडक किंवा विरलेला लागला तर तो पावसाळ्याआधीच बदलावा.