बॉल्टिमोरचं पत्र : डॉक्टर न होता आरोग्यखात्यात

इथल्या मराठी घरात मुलीनं कॉलेजला ‘पब्लिक हेल्थ’ घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे पुढे मेडिकलला जाणार ना? ती ‘नाही’ म्हणाली की चेहरे पडतात. त्यात नवल नाही. आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य हा डॉक्टरांच्याच अभ्यासातला एक कोपरा. एमबीबीएसच्या मुलांनी ‘पीएसएम’साठी (म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकासाठी) पार्कचं जाडजूड पुस्तक परीक्षेच्या तोंडावर उघडायचं, विहिरीच्या आणि सेप्टिक टँकच्या आकृत्या पाठ करायच्या, आणि पास झाल्यावर मेडिसिन-सर्जरीच्या जागांसाठी धावायचं. अमेरिकेत हा विषय मेडिकल कॉलेजाच्या दाराबाहेर पडला त्याला शंभरावर वर्षं झाली, आणि तो बाहेर पडला तो याच शहरात.

झालं असं, की १९०९ पासून रॉकफेलरच्या पैशावर दक्षिणेकडच्या राज्यांत हुकवर्म या जंताविरुद्ध मोहीम चालली होती. गावोगाव फिरताना लक्षात आलं, की बहुतेक ठिकाणचा आरोग्य अधिकारी म्हणजे स्वतःचा दवाखाना सांभाळून उरलेल्या वेळात सरकारी काम उरकणारा डॉक्टर. पूर्णवेळ माणसं हवीत आणि ती सगळी डॉक्टरच असायला हवीत असं नाही. पाण्याचा इंजिनियर हवा, आकडेमोड करणारा हवा, प्रयोगशाळेतला माणूस हवा, नर्स हवी. मोहीम चालवणारे विक्लिफ रोझ आणि इथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम वेल्च यांनी १९१५ मध्ये नव्या विद्यालयाचा आराखडा मांडला. दोघांच्या मनातलं विद्यालय मात्र एक नव्हतं. रोझना राज्याराज्यांत जाऊन काम करणारी माणसं घडवायची होती. वेल्चना जर्मन धर्तीची संशोधनसंस्था हवी होती. वेल्च जिंकले. १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशननं हॉपकिन्सची निवड केली आणि १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, इन्फ्लुएन्झा शहर झोडपत असताना, शाळा सुरू झाली. आज ती ‘ब्लूमबर्ग स्कूल’ म्हणून ओळखली जाते. रोझ हरले त्याची किंमत हा देश अजून मोजतो आहे असं माझं मत आहे. त्याकडे पुढे येतोच.

बरीच वर्षं हे शिक्षण मुख्यतः पदवीनंतरचं होतं. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच. पण इथे मेडिकलला जायचं तर आधी कुठल्याही विषयात चार वर्षांची पदवी घ्यावीच लागते, आणि बारावीनंतर लगेच सार्वजनिक आरोग्य शिकायला मिळालं तर हवंच होतं. २००३ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीनं शिफारस केली, की पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय शिकण्याची सोय असावी. १९९२ मध्ये या विषयात पदवी घेणारे देशभरात वर्षाला साडेसातशेच्या आसपास होते. २०१२ मध्ये तो आकडा साडेसहा हजारांच्या घरात गेला. त्यातले काही मेडिकलला जातात, काही एमपीएचला, आणि काहींना ऐन चौथ्या वर्षी कळतं की आपल्या हातात पदवी आहे पण दारावरच्या पाटीवर लिहावा असा हुद्दा नाही.

शिकवतात काय? साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरण, धोरण आणि माणसांच्या सवयी, अशा पाच वाटा. पण खरी दीक्षा मिळते ती एका जेवणावळीत. १९४० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत एका चर्चनं जेवण घातलं. ८० माणसं जेवली, आणि उजाडेपर्यंत कितीतरी घरांत उलट्या सुरू झाल्या. ७५ जणांची चौकशी झाली. त्यांतले ४६ आजारी पडले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, ही यादी प्रशिक्षणासाठी वापरली आणि ती अजूनही वर्गावर्गांत फिरते : कोण किती वाजता जेवलं, काय काय खाल्लं, कधी आजारी पडलं.

विद्यार्थी आधी मांसावर घसरतात. हॅम खाणारे ४६, त्यांतले २९ आजारी, म्हणजे शंभरात ६३. झालं, चोर सापडला! मग मास्तर विचारतात, ज्यांनी हॅम खाल्लाच नाही त्यांचं काय? ते २९ जण होते आणि त्यांतले १७ आजारी. शंभरात ५९. हॅम सुटला. आता व्हॅनिला आइस्क्रीम घ्या. खाणारे ५४, आजारी ४३. न खाणारे २१, आजारी फक्त ३. एकीकडे शंभरात ८०, दुसरीकडे १४. गंमत पुढेच आहे. चॉकलेट आइस्क्रीम खाणारे न खाणाऱ्यांपेक्षा कमी आजारी पडले होते. चॉकलेटमध्ये औषध होतं म्हणून नव्हे, तर चॉकलेट घेणाऱ्या अनेकांनी व्हॅनिला घेतलंच नव्हतं म्हणून.

लग्नाच्या पंगतीत विषबाधा झाली की आपल्याकडे दवाखान्यात भरती झालेल्यांचा आकडा छापून येतो आणि बासुंदीचे नमुने प्रयोगशाळेत जातात. जेवून ठणठणीत राहिलेल्यांच्या घरी सहसा कुणी जात नाही. या शिक्षणाचं सार विचाराल तर एवढंच आहे : आजारी पडला नाही, दवाखान्यात आला नाही, त्या माणसालाही हिशोबात धरा. डॉक्टरपुढे येतो तो अंश. छेद शोधायला उन्हातान्हात हिंडावं लागतं.

हे हिंडणं कसं असतं ते पाहायला मी एका निरीक्षकाबरोबर अन्नतपासणीला गेलो. आपल्याकडच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरचा हा इथला भाऊबंद. पण याच्याकडे विज्ञानाची पदवी आणि राज्याचा परवाना असतो. बरोबर कॉलेजची एक विद्यार्थिनी उमेदवारीवर. हॉटेल नेमकं आपलंच, देशी. काउंटरवर गणपती, आत उंच पातेल्यात आदल्या रात्रीची डाळ मखनी, झाकण लावून फ्रीजमध्ये. विद्यार्थिनीनं थर्मामीटरची सुई पुसली आणि डाळीच्या मधोमध खुपसली. वरची साय गार होती, पोट कोमट. नियम असा, की शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून दोन तासांत २१ वर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर उतरलं पाहिजे. उंच पातेल्यातली दाट डाळ ते करूच शकत नाही. पसरट ट्रेमध्ये दोन इंचांचा थर देऊन गार करावी लागते. हात धुण्याच्या सिंकमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या भिजत होत्या, तोही गुन्हाच. मालकानं चहा पुढे केला, तो निरीक्षकानं हसून नाकारला. डाळ ओतून दिली गेली, आणि स्वयंपाक्याला ट्रेची रीत त्या मुलीनं हिंदीतून समजावली. ही भाषा कुठल्याच अभ्यासक्रमात नसते.

असं काम करणारी स्थानिक आरोग्यखाती या देशात तीन हजारांच्या घरात आहेत. बॉल्टिमोर शहराचं खातं १७९३ पासूनचं. साथ आली तर शाळा बंद करायची की नाही, गोवराच्या पोराच्या घरी कुणी जायचं, जुन्या घरांच्या रंगातलं शिसं पोरांच्या रक्तात किती उतरलं हे कुणी मोजायचं, हे सगळं त्यांच्या गळ्यात. अटलांटाच्या सीडीसीचं नाव जगभर, पण बहुतेक बाबतींत ती सल्ला देते. हुकूम काढण्याचा अधिकार राज्याचा आणि काउंटीचा. आणि नेमकी हीच खाती कायम कडकीत. संशोधनाला अनुदान, इमारतीला देणगीदार, पण काउंटीच्या तपासनिसाची जागा रिकामी. वेल्च जिंकले म्हणालो ते याच अर्थानं. कोविडच्या काळात तर या अधिकाऱ्यांना घरी धमक्या आल्या आणि अनेकांनी राजीनामे दिले.

पगाराचं स्पष्टच सांगतो. साथरोगतज्ज्ञाला देशात मध्यम पगार वर्षाला ८० हजार डॉलरच्या थोडा वर, आणि त्याला सहसा एमपीएचसारखी पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या पदवीवर आरोग्यशिक्षक झालात तर ६० हजारांच्या थोडं वर. रुग्णालयातली नर्स दोघांपेक्षा जास्त कमावते. म्हणून हुशार मुलं विमा कंपन्यांत आणि औषध कंपन्यांत आकडेवारीच्या कामाला जातात. रुग्णालयांतही जागा निघतात, कारण २०१० च्या आरोग्यकायद्यानं ना-नफा रुग्णालयांना दर तीन वर्षांनी आपल्या परिसराच्या आरोग्यगरजांची पाहणी बंधनकारक केली. पाहण्या होतात, सुबक अहवाल निघतात. त्यातून वस्तीत काय बदलतं, हा निराळा प्रश्न.

हॉपकिन्सच्या विद्यालयाचा खरा लाभ कुणाला झाला असं विचारलं तर मी बॉल्टिमोरचं नाव घेणार नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे इथे शिकून १९७० मध्ये जामखेडला गेले आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. अभय आणि राणी बंग १९८४ मध्ये इथून एमपीएच करून परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. राणीताईंनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या. दवाखान्यात आलेल्या नव्हेत, गावातल्या. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. तक्रार करणाऱ्या होत्या ५५. मधल्या ३७ जणी कुठल्याही दवाखान्याच्या वहीत कधीच आल्या नसत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. दहा वर्षांनी त्याच नियतकालिकात नवजात बाळांवरचा निबंध आला : ३९ गावांत घरोघर जाणाऱ्या आरोग्यदूतांमुळे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. ऑस्वेगोच्या यादीतला धडा त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात चालवून दाखवला. रोझना हवी होती ती माणसं हीच.

सध्याची हवा वाईट आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये आरोग्य मंत्रालयानं हजारोंना नारळ दिला, त्यात सीडीसीचे लोक मोठ्या संख्येनं होते. त्याच वर्षी जुलैत यूएसएआयडी ही परदेशी मदतीची संस्था गुंडाळली गेली. या विषयातल्या कितीतरी पदवीधरांचं पहिलं स्वप्न तीच होती. भारतातून येणाऱ्यांना तर इथल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्या बहुतांशी बंदच, कारण तिथे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येतं. अभ्यासक्रम विज्ञान-गणिताच्या सरकारी यादीत बसत असेल तर आणखी दोन. संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्राचे अनेक अभ्यासक्रम बसतात, आरोग्यधोरणाचे सहसा नाही. अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारासाठी केलेल्या एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर २०२५ च्या सप्टेंबरात एक लाख डॉलरचं शुल्क लागलं. काउंटीचं खातं ते भरेल अशी आशा कुणी धरू नये.

तरी यायचंच असेल, तर प्रवेशाआधी विभागाला पत्र टाकून विचारा, गेल्या दोन वर्षांतले विद्यार्थी कुठे नोकरीला लागले. मान्यता टिकवायची तर विद्यालयांना ही माहिती गोळा करावीच लागते. उत्तरात ‘९० टक्के’ आलं, तर ते किती जणांपैकी आणि किती जणांनी कळवलंच नाही, हेही विचारा.